दयाळ गातो तेव्हा उजेड नसतो

मला खरं तर एकच फोटो हवा होता. दयाळ, उघड्यावर बसलेला, चोच उघडी, गाताना. बस एवढंच. जवळच्या बागेत गेल्या उन्हाळ्यात एक नर रोज पहाटे गायचा, पार खिडकीपर्यंत ऐकू यायचं, आणि मी उशीत तोंड खुपसून त्याला शिव्या घालायचे. मग हातात एक सेकंडहँड कॅमेरा आला आणि त्याच पक्ष्याचा फोटो पाहिजे असं डोक्यात बसलं. पक्षी माहितीतला, बाग पायाखालची, जायचं नि काढायचा, त्यात काय, असं म्हणून डिसेंबरमध्ये सुरुवात केली. फोटो मिळाला जूनमध्ये.

पहिली चूक म्हणजे डिसेंबर. दयाळ थंडीत गातच नाही हो. त्याचं गाणं विणीच्या दिवसांतलं, साधारण मार्च ते जुलै, हद्द राखायची असते आणि जोडीदारीण मिळवायची असते तेव्हाचं. बाकीचे महिने हे महाशय झुडपाखाली पालापाचोळा उलटत फिरतात, फार तर एखादी केविलवाणी शीळ घालतात नाहीतर चिडल्यासारखं 'चर्रर्र' करतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. दहा-बारा दिवस सकाळी जाऊन त्याच्या त्या ठरलेल्या दिव्याच्या खांबाकडे लेन्स रोखून उभी होते. खांब छान आलाय फोटोत.

दुसरी चूक म्हणजे लेन्सवर फार विश्वास. माझी झूम लेन्स 300 मिमीपर्यंत जाते, सेन्सर (फोटो टिपणारी चिप) क्रॉप वाला, म्हणजे आकाराने लहान, त्यामुळे पक्षी एकदम जवळ दिसणार असा माझा समज. मग एकदा वैतागून हिशोब केला. दयाळ चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम 20 सेंमी. तो 10 मीटरवर बसला तर 300 मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची लांबी पडते 6 मिमी, आणि सेन्सरची रुंदी असते साडेतेवीस मिमीच्या आसपास. म्हणजे पक्षी फ्रेमचा पाव भाग, तोही कडेने बसला तर. 20 मीटरवर गेला की आठवा भाग. शिंपी पक्षी तर दयाळापेक्षा कितीतरी लहान, त्याचं तर विचारूच नका, तो फोटोत शोधायला घरच्यांना बक्षीस लावावं लागायचं. पहिल्या महिन्यात मी चारशे-साडेचारशे फोटो काढले असतील, त्यात शेपट्या, उडून गेल्यावर हलणाऱ्या फांद्या, आणि पक्ष्याच्या अलीकडच्या पानाचे अत्यंत शार्प फोटो. ऑटोफोकसला पक्षी कळत नाही, त्याला समोरची जाडजूड काडी आवडते. नंतर मी फोकसचा एकच मधला पॉइंट ठेवायला शिकले आणि फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर अंगठ्याला दिला, तेव्हा कुठे काड्यांचं प्रमाण कमी झालं.

बागेत एक काका रोज असतात. टोपी, गळ्यात जुनी दुर्बीण, कानात मशीन. मी झाडाझाडाखाली धावतेय हे ते आठवडाभर बघत होते बहुतेक, मग एक दिवस म्हणाले, "अगं, तू त्यांच्या मागे पळतेस म्हणून ते पुढे पळतात." मी म्हटलं, "काका, मग करू काय?" तर म्हणाले, "आधी महिनाभर तो कॅमेरा घरी ठेव." ते काही मला जमलं नाही, पण अर्धवट ऐकलं. त्यांच्याच दुर्बिणीतून बघायला लागले. 8 बाय 42 होती, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच 42 मिमीची, त्यामुळे अंधुक प्रकाशातही बऱ्यापैकी दिसतं. दुर्बीण लावायची पण एक पद्धत असते, नजर पक्ष्यावरून हलवायची नाही आणि दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. मी आधी दुर्बीण लावायचे नि मग आकाशभर पक्षी शोधत बसायचे.

काकांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, त्यांचे सूर्यपक्षी गेले, चष्मेवाले (डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले छोटे पक्षी) गेले, मग हळूहळू बाकीचे. म्हणून ते सगळं डोळ्यांनी करतात. "वारा नाही आणि एकच पान हललं, तिथे बघ" हे त्यांचं वाक्य. मला उलट डोळ्याने काही सापडायचं नाही पण कान बरे होते. तर आमची अशी विचित्र जोडी जमली, मी म्हणायचे "काका, उजवीकडे काहीतरी चकचक करतंय", आणि ते दोन मिनिटांत त्या झुडपातली नेमकी फांदी दाखवायचे.

तो थंडीचा काळ फुकट गेला असं मी म्हणत होते पण खरं शिक्षण तेव्हाच झालं. झुडपात बसून 'चक्... चक्...' करणारा, कधीच पूर्ण न दिसणारा मातकट पक्षी म्हणजे वेळू वटवट्या, थंडीपुरता पाहुणा. जीभ टाळ्याला लावून 'ट्रर्रर्र' केल्यासारखा आवाज आणि शेपटी वर झटकली की आतून पांढरं दिसतं, तो लाल कंठाचा माशीमार, हा तर पार युरोपाकडून येतो. त्याचा लाल गळा मला काही दिसला नाही, कारण मादीला तो नसतोच आणि पहिल्या वर्षीच्या नराचाही साधाच असतो, त्यामुळे मी महिनाभर 'लाल कंठाचा' म्हणून एका फिकट गळ्याच्या पक्ष्याचे फोटो लोकांना दाखवत होते आणि लोक माझ्याकडे संशयाने बघत होते. राखी वटवट्या दचकून उडाला की अंगातून 'कट् कट् कट्' असा ठिणग्या पडल्यासारखा आवाज येतो. नाचण पंखा उघडून नाचतो आणि मध्येच चार-सहा सुरांची एकदम सुरेल ओळ टाकतो, दरवेळी जवळजवळ तीच.

आवाज ओळखणारं एक ॲप पण घेतलं फोनमध्ये. कामाचं आहे, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नये. एकदा त्याने शिक्रा दाखवला, मी मान मोडेपर्यंत शिकारी पक्षी शोधला, आणि तारेवर बसलेला कोतवाल शांतपणे शिक्र्याची नक्कल करत होता. कोतवालाचं हे जुनं सोंग, दुसऱ्यांना घाबरवून त्यांनी टाकलेला किडा पळवायचा. ॲप फसलं, मी फसले, साळुंक्या पण फसल्या, काका तेवढे फसले नाहीत कारण त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

अजून एक गोष्ट कळली तेव्हा मी हसत सुटले होते. पक्षीशास्त्रात गाणारे पक्षी म्हणून जो गट धरतात त्यात कोकीळ नाही! कावळा आहे. स्वरयंत्राच्या रचनेवरून आणि वंशावळीवरून तो गट ठरतो, तिथे कुहूकुहूचे मार्क मिळत नाहीत. तांबटही नाही त्यात, दिवसभर टुक्टुक् करतो बिचारा. आणि काव काव करणारा मात्र घरंदाज गायकांच्या खानदानातला. वर कोकिळा अंडी घालणार ती त्याच कावळ्याच्या घरट्यात. असो.

फोटोच्या बाजूने थंडीत एकच मोठा शोध लागला, तो म्हणजे माळीकाकांचा गळका नळ. नर्सरीच्या कोपऱ्यात एक नळ आहे, खाली थेंब पडून बशीएवढं डबकं साचतं. मी तिथून सहा-सात मीटरवर एका कुंपणाच्या आडोशाला मांडी घालून बसायला लागले. पहिली पंधरा-वीस मिनिटं काही होत नाही, अजिबात नाही, मुंग्या चावतात आणि पाय बधिर होतो. मग एक बुलबुल येतो, बघतो, जातो. परत येतो, पाणी पितो. तो सुरक्षित आहे असं बाकीच्यांना कळतं बहुतेक, मग चष्मेवाल्यांची टोळी, मग शिंपी, आणि एकदा तर चिखलात उतरलेली दयाळाची मादी, जी नरासारखी काळी नसून राखाडी असते. जमिनीवर बसल्यामुळे कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येतो, मागची झाडी लांब असते म्हणून ती आपोआप धूसर होते, आणि पक्षी सुटा उठून दिसतो. उभं राहून खाली रोखून काढलेले माझे आधीचे फोटो आणि हे फोटो शेजारी ठेवले तर कॅमेरा बदलला असं वाटेल.

शिंपी मात्र तिथेही दमवायचा. एवढासा जीव, वजन दहा ग्रॅमच्या आत, आणि आवाज असा की बाग त्याच्या मालकीची आहे. 'टुविट टुविट टुविट', शंभरदा. झुडपात अर्ध्या मीटरवरून ओरडतोय असं वाटतं आणि दिसत नाही. दिसला की सेकंदभर, तेवढ्यात शेपूट ताठ, मान इकडे, उडी, गेला. त्याच्यासाठी 1/1000 सेकंदापेक्षा संथ शटर ठेवून उपयोग नाही, हे पण मी पाचपन्नास पुसट शिंप्यांनंतर शिकले.

आणि मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे खिडकीतून तो आवाज आला. मी अक्षरशः ताडकन उठले, चपला उलट्यासुलट्या घालून गेटवर. वॉचमनदादांनी गेट उघडलं पण नव्हतं, ते म्हणाले, "ताई, सहाला या." सहाला आत गेले, खांबावर दयाळ, शेपूट खाली, छाती पुढे, चोच उघडी, गातोय. मी कॅमेरा लावला. उजेड मोजणारं मीटर म्हणतंय 1/60 सेकंद. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 6400 वर, लेन्स पूर्ण उघडी ठेवून. आणि माझी लेन्स 300 ला पूर्ण उघडली तरी एफ 5.6 च, म्हणजे उजेड बेताचाच आत येणार. हातात धरून 300 मिमीला निदान 1/300 तरी लागावं असा साधा ठोकताळा आहे, क्रॉप सेन्सर असेल तर त्याहून जास्त. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझा हात सांभाळतं, पक्ष्याची मान नाही सांभाळत. सगळे फोटो काळ्या धुरासारखे. सूर्य वर आला, 1/500 मिळायला लागलं आणि दयाळ खांबावरून उतरून गवतात किडे शोधायला लागला.

मग मी वही केली. कधी सुरू झाला, कधी थांबला, कुठे बसला, शटर किती मिळत होतं. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं आणि ते चिडचिड होण्यासारखं होतं. सूर्योदयाच्या जवळपास तासभर आधी सुरू, ऐन रंगात असतो तो सूर्योदयाच्या आधीची अर्धी घटका, आणि ऊन जमिनीला टेकलं की संपलं, मग दिवसभरात तुकडे तुकडे, तेही पानांच्या आत बसून. म्हणजे गातो तेव्हा उजेड नाही आणि उजेड असतो तेव्हा गात नाही. यामागे कारणं पण तशीच आहेत. पहाटे किडे दिसण्याइतका प्रकाश नसतो तर निदान गाऊन घ्यावं, हवा स्थिर असते, आवाज कमी फाटतो, लांब जातो, आणि रात्र काढून मी अजून इथेच आहे हे शेजारच्या नराला सांगायची हीच वेळ. थोडक्यात ज्या कारणासाठी त्याला ती वेळ सोयीची नेमक्या त्याच कारणासाठी मला गैरसोयीची. अंधारासाठीच गातोय तो, आणि मी उजेडाची वाट बघतेय.

पक्षी सुद्धा असा निवडला होता मी की विचारता सोय नाही. काळा आणि पांढरा! म्हणजे एक्सपोजरचा छळ. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्याचं सरासरी राखाडी करायला बघतं. मागे फिकट आकाश असलं की कॅमेरा घाबरून फोटो काळा करतो, मग दयाळ म्हणजे नुसती सावली. मी एक्सपोजर वाढवलं की पंखावरचा पांढरा पट्टा जळून जातो, तिथे पिसांची एक रेघ शिल्लक राहत नाही. आणि डोळा काळा, डोकं काळं, तेही चकचकीत निळसर काळं. डोळ्यात उजेडाचा एक ठिपका नसेल तर तो पक्षी भुसा भरलेला वाटतो. ऑटोफोकस तर थेट त्या पांढऱ्या पट्ट्यावर जाऊन बसतो कारण तिथेच त्याला काळं-पांढरं भेटतं. यावर मी शेवटी असं केलं की रॉ मध्ये (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल) काढायचं, पांढरा जळणार नाही एवढ्या बेताने ठेवायचं आणि काळ्यातलं जेवढं उकरता येईल तेवढं नंतर कॉम्प्युटरवर उकरायचं. आणि कडक उन्हाचा नाद सोडला. ढगाळ हवेत दोन्ही रंग राहतात. पण मार्च-एप्रिलमध्ये ढग कुठून आणणार.

एप्रिलभर मी खांबाच्या फेऱ्या केल्या. पूर्वेकडून उभं राहिलं तर उजेड पाठीशी पण मध्ये गुलमोहराची फांदी, पश्चिमेकडून फांदी नाही पण तोंडावर आकाश. एक दिवस ट्रायपॉड आणला तर पळणारी मंडळी त्याला अडखळायला लागली, परत नेला. या काळात फोटो शून्य, पण गाणं इतकं ऐकलं की आता डोळे मिटून सांगेन हा तोच की भिंतीपलीकडचा दुसरा. हा प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर वर उचलतो, प्रश्न विचारल्यासारखा. पलीकडचा खाली सोडतो. मध्येच बुलबुलाचा एखादा तुकडा, मध्येच शिंप्याचं टुविट, असं चोरून आणलेलं पण घालतो. श्वासनळी जिथे दोन फांद्यांत फुटते तिथेच यांचं स्वरयंत्र असतं आणि त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे वाजू शकतात, हे वाचल्यावर मला कळलं की एकाच पक्ष्याकडून दोघं गातायत असं मधून मधून का वाटतं ते.

आता ती गोष्ट, जी लिहू की नको असं झालं होतं.

एप्रिलच्या शेवटी बागेत दुसरा एक फोटोवाला भेटला, मोठी लेन्स वगैरे. मी माझं रडगाणं सांगितलं तर म्हणाला, सोपं आहे, त्याचाच आवाज फोनवर लाव, समोर येऊन गाईल, आठ वाजता लाव, भरपूर उजेडात. मला माहीत होतं की हे करू नये. वाचलं होतं. तरी पाच महिने झाले होते, आणि एकदाच, असं म्हणून मी लावला. फोन बॅगेवर ठेवला होता. दयाळ त्या वेळी जमिनीवर होता, चोचीत एक अळी होती. आवाज सुरू झाल्यावर त्याने ती अळी टाकली. तीन मीटरवर कुंपणाच्या तारेवर येऊन बसला, पिसं फुगवली, शेपूट वर उभी केली, आणि माझ्या बॅगेकडे बघून गायला लागला. उजेड सुंदर, शटर 1/800, डोळ्यात ठिपका, चोच पूर्ण उघडी. मी वीस-पंचवीस फोटो काढले. मग फोन बंद केला. तो बंद झाला नाही. बॅगेवरून घिरट्या, परत तारेवर, परत घिरट्या, नसलेल्या दुसऱ्या नराला शोधत होता. पंधरा मिनिटं तरी. टाकलेली अळी मुंग्या घेऊन गेल्या.

काका तिकडून बघत होते. त्यांना गाणं ऐकू आलं नसेल पण पक्ष्याची अवस्था दिसत होती. काही बोलले नाहीत ते, टोपी नीट केली आणि पुढे चालायला लागले, आणि मला वाटतं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तो फोटो तांत्रिकदृष्ट्या माझा सगळ्यात चांगला आहे. हार्ड डिस्कवर आहे. कुणाला दाखवलेला नाही. मला गाताना हवा होता, आणि हा भांडताना आहे, हे बघणाऱ्याला कळणार नाही कदाचित पण मला त्या फुगलेल्या पिसांत दुसरं काही दिसतच नाही.

मे मध्ये मी त्या खांबापासून जरा लांबच राहिले. एक तर लाज वाटत होती, आणि दुसरं म्हणजे ती अळी कुणासाठी होती ते कळलं. जुन्या पंपहाऊसच्या भिंतीत पाइप काढून टाकलेलं एक भोक आहे, त्यात घरटं. नर-मादी दोघं आळीपाळीने चोचीत काहीबाही घेऊन आत जात होते. माळीकाकांना ते आधीपासून माहीत होतं, त्यांनी मुद्दाम त्या बाजूला पाणी मारणं बंद केलं होतं, आणि मला दाखवताना म्हणाले, "फोटो नको हां ताई." मी काढलाच नसता. घरट्याशी माणूस घुटमळला की आईबाप आत जात नाहीत, पिल्लं उपाशी राहतात, आणि आपण कुठे बघतोय ते कावळे आणि मांजरं बघत असतात. मी लांबच्या बाकावरून काकांच्या दुर्बिणीतून बघायचे, दहा मिनिटं, मग उठायचे. (काका परत बोलायला लागले होते. एक आठवडा लागला.) मग एक दिवस भोक शांत, आणि करवंदाच्या जाळीत छातीवर ठिपके ठिपके असलेलं एक बावळट पिल्लू, आखूड शेपटीचं, प्रत्येक हलणाऱ्या गोष्टीकडे तोंड उघडून बघणारं, त्यात मी पण आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री पाऊस पडला. सकाळी आभाळ भरलेलं, सूर्य उगवला की नाही ते घड्याळात बघावं लागत होतं. मी काही त्याच्यासाठी गेले नव्हते खरं तर, गळक्या नळाकडे ओल्या मातीत कोण उतरतंय बघावं म्हणून गेले. कुंपणाच्या आडोशाला बसले, मांडीखाली प्लास्टिक. सूर्योदय होऊन अर्धा तास झाला असेल आणि तो गातच होता! ढगाळ असलं की त्याची पहाट लांबते बहुतेक, किंवा पिल्लं उडाल्यावर पुन्हा दुसऱ्या विणीची तयारी असेल, काय ते त्यालाच माहीत. खांबावर होता. मग गाता गाता खाली आला, आधी पाण्याच्या टाकीवर, मग नळाच्या आडव्या पाइपवर. माझ्यापासून सात मीटर. मला दिसला होता, मला बघूनच बसला होता. मी कॅमेरा उचलायच्या आधी श्वास घेतला, कारण एवढ्या महिन्यांत एक शिकले होते की पक्ष्याला वेग खटकतो, अंतर त्या मानाने कमी.

आयएसओ 1600, एफ 5.6, शटर 1/160. कमीच होतं. वाढवायला डायल फिरवावी लागली असती आणि बोट हलवायची हिंमत झाली नाही. तो दोन ओळी गायला. दुसरीच्या शेवटी सूर वर उचलला, तोच त्याचा प्रश्नवाला सूर, तेव्हा मी दाबलं. तीनच फोटो, बर्स्ट (धडाधड सलग फोटो) पण नाही. मग तो पाइपवर शिटला, पुढे झुकला आणि गेला.

घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं. पाय शार्प, छाती शार्प, पांढरा पट्टा जळलेला नाही, पिसं मोजता येतायत. काळ्या डोक्यात डोळा आहे, डोळ्यात ढगाळ आभाळाचा एक करडा ठिपका आहे. चोच उघडी आहे, पण गळा आणि चोचीचं टोक हललेलं आहे. पुसट. 1/160 ला गाणाऱ्याचा गळा थांबत नाही. आधी वाईट वाटलं, मग दुसऱ्या दिवशी परत बघितला, मग तिसऱ्या दिवशी, आणि शेवटी तसाच ठेवला. धारदार करायचं सॉफ्टवेअर मिळतं, लावून बघितलं, चोच लाकडी झाली, काढून टाकलं.

काकांसाठी प्रिंट काढून नेला. ते बाकावर बसले होते. चष्मा काढला, फोटो नाकाजवळ धरला, बराच वेळ बघितला. मग त्या पुसट गळ्यावर अंगठा ठेवून म्हणाले, "हे हललंय ते गाण्यामुळे ना?" मी म्हटलं हो. "अच्छा. काय गात होता? मला हा पण येईनासा झालाय गं ह्या वर्षी."

मी आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं, मग शीळ घालून दाखवली. ती ओळ, शेवटी सूर वर. दोनदा फाटली, तिसऱ्यांदा बऱ्यापैकी आली असं मला वाटलं.

काकांनी मशीन कानात नीट बसवलं, परत एकदा घालायला लावली, ऐकली, आणि फोटो पिशवीत ठेवत म्हणाले, "असा गात असेल तर मला ऐकू येत नाही तेच बरंय."